तीन बोटं

तोंड उघड, मी म्हणते. अजून. अजून थोडं.
आणि तिचीच तीन बोटं, उभी, एकावर एक,
तिच्याच दातांमध्ये घालायला सांगते.
मावली, तर पुढची बाई.
नाही मावली, तर बॅटरी.

हर्णैला लिलावाच्या वाळूवर
टोपल्यांच्या आडोशाला माझी ओपीडी:
एक स्टूल, हातमोज्यांचा खोका, आणि वही,
मासळीचं पाणी उडून जिची शाई फुटते.
भागीरथी चोगलेने पहिल्या दिवशी मला हाकललं.
“चाळीस वर्षं पापलेटाचे कल्ले उघडून बघतेय मी,
आता तू माझे बघणार?”
हो, म्हटलं. तसंच. लाल आहे की रंग पडलाय, एवढंच.

डाव्या गालात, आत, पांढरं होतं. कवडीएवढं.
मिश्री ठेवायची तीच जागा.
“जेवताना झोंबतं,” म्हणाली, “म्हणून मिरची कमी केली.”
मिरची कमी केली.
गेल्या होळीपासून.

तेव्हा इथे काय होतं ते सांगते.
दापोलीच्या रुग्णालयात फळ्यावर पदांची यादी,
कर्करोगतज्ज्ञ या शब्दापुढे ‘रिक्त’.
खडूने नाही, ऑइलपेंटने लिहिलेलं.
पुसायचा कुणाचा विचारच नव्हता.

मग रात्रीची एसटी. परळ.
सोबत सून, कारण मुलगा बोटीवर.
नंबर, एक सही, उद्या या.
उद्यापर्यंत कुठे, हे कुणी विचारत नाही.
पुलाखाली चटईवर तिला दाभोळची ओळखीची भेटली,
गुहागरचे दोघे, वेळासचा एक मास्तर.
“अर्धा किनारा हितंच झोपलाय गो,” फोनवर म्हणाली.
ऑपरेशन झालं. मग सलाईनच्या फेऱ्या.
येताना मंडणगडच्या वळणांवर ओकारी,
सुनेने मांडीवर धरलेल्या पिशव्या.
कंडक्टर दिवा बंद करायचा,
लाजेला तेवढाच अंधार.
चौथ्या फेरीला ती गेलीच नाही.
बोंबील वाळत घातले होते, म्हणाली, ऊन चांगलं होतं.

मी भांडले नाही. अर्ज केला.
चार महिने शिकले: औषध कसं मिसळायचं,
आत पळालेली शीर कशी शोधायची,
किती थेंब, किती मिनिटं,
हात थरथरला तर थांबायचं.
शिकवणाऱ्या बाईंनी शेवटच्या दिवशी विचारलं,
परत जाणार ना, नक्की?
विचारायची त्यांना सवय होती,
उत्तरावर विश्वास ठेवायची मोडली होती.

आता तळमजल्यावर चार खुर्च्या आहेत.
एक फ्रीज, जनरेटरच्या भरवशावर.
बुधवारी पडद्यावर मोठे डॉक्टर; आवाज अडकतो,
वारा सुटला तर चेहराही.
बाणकोटची सबिहा खतीब शेवटच्या वर्षाला आहे,
जुलैत येते म्हणालीय.
फळ्यासाठी रंगाचा डबा मी आणून ठेवलाय,
झाकण उघडलेलं नाही.
खुर्च्या चार, आणि बाहेर बाकावर एकोणीस जण.
हे पुरतं असं मी कुणाला लिहून देणार नाही.

भागीरथी खिडकीची खुर्ची धरते.
पडलेल्या खंडाबद्दल डॉक्टर पडद्यावरून रागावले,
तिने ऐकू येत नसल्याचं सोंग केलं,
आणि बाही वर केली.
रिक्षाने अर्धा तास. ओकारी आली तर घरच्या मोरीत.

ऑपरेशननंतर तोंड एका बोटापुरतं उरलं होतं.
आइसफ्रूटच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या,
जमेल तशी एकेक वाढवायची.
तीन बोटांची उंची गाठायला वीस-बावीस लागतात.

परवा वाळूवर गेले, तर माझं स्टूल मांडलेलं.
त्यावर तिची धाकटी जाऊ, आ वासून,
आणि ही बॅटरी धरून, दुसऱ्या हाताने खुणा करतेय:
जीभ उचल. खाली पण. खाली पण दाखव.
मागे सहा-सात जणी, कुरकुरत, पण रांगेत.

तुला कुणी सांगितलं हे करायला? मी विचारलं.
तिच्या दातांत काड्या होत्या, बोलता येईना.
बॅटरी काखेत धरून
दोन्ही पंजे उघडले,
आणि वर एक बोट.